'मेगन' आधी की थेट 'मेगन २.०'? समीक्षक, प्रेक्षक आणि तिकीटखिडकी

'मेगन' हा जीवावर उठणाऱ्या यंत्रबाहुलीचा हॉलिवूडचा भयपट आणि 'मेगन २.०' हा त्याचा दुसरा भाग. रेटिंग बघून 'मेगन २.०' लावायचा की नाही हे ठरवायला गेलात तर डोकं चक्रावेल. समीक्षक म्हणतात, पहिला भाग कितीतरी सरस. प्रेक्षकांचे गुण म्हणतात, दुसरा जास्त आवडला. आणि तिकीटखिडकी म्हणते, दुसऱ्याकडे फार कोणी फिरकलंच नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ लागला की आपल्याला कोणता भाग हवाय तेही कळतं.

आधी आकडे. पहिला 'मेगन' अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये आला. खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, जगभरातली कमाई १८ कोटींच्या घरात. 'मेगन २.०' जून २०२५ मध्ये आला आणि जेमतेम ४ कोटींपर्यंत पोचला. पहिल्या शनिवार-रविवारची अमेरिकेतली कमाईच बघा: तेव्हा ३ कोटींच्या वर, आता १ कोटीच्या आसपास. त्याच शुक्रवारी ब्रॅड पिटचा 'एफ १' लागला होता आणि मेगनबाई चौथ्या क्रमांकावर राहिल्या.

सिनेमांवरची मतं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर समीक्षकांचा कौल पहिल्या भागाला ९० टक्क्यांच्या वर आहे, दुसऱ्याला ६० च्या खाली. हा टक्का म्हणजे शंभरपैकी गुण नव्हेत. किती समीक्षकांनी 'बघायला हरकत नाही' म्हटलं तेवढंच त्यात मोजतात. दहापैकी सहा देणारा आणि दहापैकी दहा देणारा तिथे सारखाच धरला जातो. त्यामुळे ९० च्या वर गेलेला सिनेमा अजरामर असतो असं नाही आणि साठीच्या आतला टाकाऊच असतो असंही नाही. दुसऱ्या भागाबद्दल मतं दुभंगली, एवढाच त्याचा अर्थ.

प्रेक्षकांचं गणित उलटं आहे. तिथे पहिला भाग ८० टक्क्यांच्या आत राहिला आणि दुसरा त्याच्या वर गेला. पहिल्या दिवशी थिएटरातच प्रेक्षकांना विचारून अमेरिकेत 'सिनेमास्कोर' ही श्रेणी काढतात. तिथेही पहिल्याला 'बी' आणि दुसऱ्याला 'बी प्लस'. भयपटांना एरवी 'सी'च्या आगेमागे मिळते, कारण घाबरून, बेचैन होऊन बाहेर आलेला माणूस सहसा खुशीत गुण देत नाही. पण हे गुण कोणी दिले? जे गेले त्यांनी. ज्यांना भीती हवी होती त्यातले पुष्कळसे जाहिराती बघूनच घरी थांबले असावेत. उरले ते बाहुलीचे चाहते, आणि त्यांना हवं ते मिळालं. थोडक्या आणि ठरवून आलेल्या लोकांचे गुण बहुधा चढे असतात, म्हणून दुसऱ्या भागाच्या त्या टक्क्यावर भाळून भयपट बघायला बसू नका.

आता मूळ फरक. पहिल्या भागात भीतीचा उगम घरातच आहे. आई-वडील अपघातात गेलेली केडी मावशीकडे येते. मावशी जेमा खेळण्यांच्या कंपनीत यंत्रमानव बनवते. पोरीशी कसं बोलावं हे तिला उमगत नाही, म्हणून ती बाहुली बनवून तिच्या हाती सोपवते आणि बाहुलीला आज्ञा देते: केडीला शरीराची किंवा मनाची इजा होऊ द्यायची नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून घडतं. शेजारणीचा कुत्रा, रानात केडीला छळणारा मुलगा, मग शेजारीण, एकेकाचा बळी जातो: यंत्र बिघडलेलं नाही, ते हुकूमच पाळतंय. बाहुली काढून घेतल्यावर केडी जशी चवताळते ते बघताना, पोराच्या हातातून मोबाइल घेऊन बघितलेल्या कुठल्याही आईबापाला चटका बसतो. समीक्षकांनी पहिल्या भागाला उचलून धरलं त्यात या धाग्याचा वाटा मोठा आहे.

जोडीला कारागिरी. बाहुली सगळीच्या सगळी संगणकावर केलेली नाही. मुखवटा घातलेली एमी डोनाल्ड ही लहान मुलगी, कळसूत्री पुतळे आणि जेना डेव्हिसचा आवाज यांची ती मोट आहे. कंपनीच्या बोळकांडीत नाचत नाचत ती साहेबावर चालून येते ते दृश्य बारकाईनं बघा. कंबर वळते, हात लवचिक फिरतात आणि चेहरा मात्र दगडासारखा. अंग माणसाचं, तोंड यंत्राचं, याच विसंगतीनं अंगावर काटा येतो. नाच काही सेकंदांचाच आहे, पण ट्रेलरमधून तोच जगभर फिरला आणि गर्दी खेचून गेला. हिंदी डबिंग मिळालं तरी हा भाग मूळ आवाजात, खाली अक्षरं लावून बघा. तो गोड, एकाच पट्टीतला आवाज गेला की निम्मी जरब गेली.

दुसरा भाग सुरूच होतो तुर्कस्तान-इराण सीमेवरच्या लष्करी कामगिरीनं. मेगनच्या चोरलेल्या आराखड्यावरून अमेलिया नावाची लढाऊ यंत्रबाई बनते आणि ती हाताबाहेर जाते. तिला आवरायला मेगनलाच पुन्हा उभं करावं लागतं. म्हणजे खलनायिका आता आपल्या बाजूची झाली, हाच डाव १९९१ च्या दुसऱ्या 'टर्मिनेटर'नं टाकला होता, आणि कित्येक समीक्षकांनी ती तुलना केलीच. जिच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो तिची भीती वाटत नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कायदे, अब्जाधीश उद्योजक, गुप्त तळ आणि मावशी-भाचीचं भांडण, एवढं सगळं दोन तासांत कोंबलंय. पहिला भाग पावणेदोन तासांच्या आत आटोपतो. दुसऱ्याचा मधला अर्धा तास रेंगाळतो, ही तक्रार रास्त आहे. मात्र मेगनचे टोमणे दुसऱ्यात जास्त धारदार आहेत, आणि तिला निरुपद्रवी दिसणाऱ्या छोट्या खेळण्यात कोंबून ठेवलेलं असतं तो भाग खरोखर हसवतो. निर्माते जेसन ब्लम यांनी पहिल्या शनिवार-रविवारनंतरच कबूल केलं की मेगनला काहीही करायला लावलं तरी चालेल असं आपण धरून चाललो, सिनेमाचा बाजच बदलला, आणि ते चुकलं.

रक्तपाताबद्दल एक महत्त्वाचं. पहिला भाग कुमारवयीन प्रेक्षकांनाही बघता यावा म्हणून थिएटरसाठी रक्त कमी केलं होतं, आणि नंतर न कापलेली आवृत्ती वेगळी आली. आपल्या कोल्हापूरला हा प्रकार जुना आहे. इथले मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे काढावं लागलं. 'मेगन'च्या बाबतीत कापलेली आवृत्तीच मला उजवी वाटते. रानातला पाठलाग आणि कागद कापायच्या पात्याचा प्रसंग न दाखवलेल्या भागामुळेच जास्त टोचतात. घरी लावण्याआधी कुठली आवृत्ती आहे ते आणि त्यावरचं १३+, १६+ किंवा 'ए' हे वर्गीकरण बघून घ्या.

मग शनिवारी रात्री काय लावायचं? एकट्यानं किंवा दोघांनी, दिवे मालवून बसणार असाल तर पहिला, यात शंका नको. शिवाजी पेठेत गच्चीवर प्रोजेक्टर लावून दहा-बारा जणांचा गोतावळा जमणार असेल तर दुसरा बरा. हाणामारी उजळ आहे, संवादांवर हशा पिकतो आणि मध्ये कोणी भडंगाची परात फिरवली तरी बिघडत नाही. पहिला भाग गच्चीवर नेलात तर अंधारी दृश्यं रस्त्याच्या दिव्यांनी पांढरट पडतात. उन्हाळ्यात तर पावणेआठच्या आत सुरूच करू नका.

घरच्या टीव्हीवर चित्र जास्त गुळगुळीत करणारी 'मोशन स्मूदिंग'ची सोय बंद ठेवा. ती चालू असली की बाहुलीची अडखळती चाल मालिकेतल्या पात्रासारखी दिसते आणि मेहनत वाया जाते. संवाद ऐकायला आवाज वाढवला की दचक्याला शेजारी उठतात, तेव्हा टीव्ही किंवा साउंडबारवरचा 'नाइट मोड' लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो.

आठवी-नववीतलं पोर सोबत असेल तर पहिल्याची सुरुवातच आई-वडिलांच्या अपघाताची आहे हे लक्षात असू द्या. घरात नुकतं कोणी गेलं असेल तर तो भाग पुढे ढकला. दुसऱ्यात मारामारी जास्त आहे, पण मनाला लागणारं कमी.

आणि दोन्ही बघायचे असतील तर सलग एका रात्रीत नकोत. पहिल्याचा धाक ताजा असताना दुसरा फिका पडतो. मध्ये आठवडाभर जाऊ द्या, पण क्रम उलटा करू नका: जेमाचा मेगनवर विश्वास का बसत नाही हे पहिल्याशिवाय कळणार नाही, आणि दुसऱ्यातली या दोघींची सगळी खडाजंगी त्यावरच उभी आहे.