खुंटे, तार की दावण : शेतावर चार-पाच शिकारी कुत्री बांधताना

एका कुत्र्यासाठी कोणी फारसा विचार करत नाही; जवळ झाड असले तर झाडाला, नसले तर खुंट्याला साखळी अडकवली की काम भागते. कुत्री तीन-चार झाली, आणि तीही कारवानी किंवा पश्मी यांसारख्या वेगासाठी जोपासलेल्या जातींची, की बांधण्याची व्यवस्था हा स्वतंत्र प्रश्न होतो, कारण ती एकमेकांच्या तोंडापासून दूर हवी असतात आणि तरीही एकमेकांच्या नजरेसमोर हवी असतात. यवतमाळ जिल्ह्यात अडाण नदीच्या बाजूला काळ्या जमिनीत माझे वावर आहे आणि तेथे जागलीसाठी मी पाच कारवानी कुत्री सांभाळतो. त्यांच्यासाठी मी सुटे खुंटे, वरून ताणलेली तार आणि साखळीची दावण हे तिन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत. ज्यांना पावसाळ्यापूर्वी यांतून एकाची निवड करायची आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव मांडतो.

कुत्री बांधायचीच कशाला, असे अनेक जण विचारतात. ही जात नजरेने प्राणी हेरून धावणारी आहे. समोरून रोही किंवा हरीण निघाले की तिला धन्याची हाक ऐकू येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारणे तर येतेच, पण त्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकणे हेही येते. म्हणून आमची कुत्री शिकारी जातीची असली तरी त्यांचे काम केवळ सूचना देण्याचे आहे : हरभऱ्यात डुकरे शिरली की त्यांनी उठून आवाज करावा आणि बॅटरी घेऊन आम्ही जावे. दुसऱ्या बाजूने, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवणे गुन्हा मानते, आणि सतत साखळीला असणाऱ्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तेही त्यातच येते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते रात्रीच्या बांधण्याविषयी आहे, हे आधीच सांगतो. सकाळी तासभर मोकळ्या पडीक जमिनीवर दोरीने धावणे आणि दिवसा सावलीत जाळीच्या आत राहणे, हा त्यांचा क्रम मी मोडत नाही.

तारेविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझ्याकडे ती एकच हंगाम टिकली. धुऱ्यावरील दोन कडुलिंबांच्या मध्ये डोक्याच्या वर तार ताणायची, तिच्यावर कडी सोडायची आणि कडीला साखळी अडकवायची, म्हणजे कुत्रे तारेच्या लांबीभर फिरू शकते. एका कुत्र्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. शेजारच्या वावरातील भाऊंकडे त्यांचे एकच कुत्रे गेली कित्येक वर्षे अशाच तारेवर आहे आणि ते सुखात आहे. पण प्रत्येक कुत्र्याला वेगळी तार लागते, आणि पाच तारांसाठी नेमक्या अंतरावरची दहा झाडे कोणाच्या धुऱ्यावर असतात? शिवाय कारवानी कुत्रे चार ढांगांत पूर्ण वेग घेते आणि तारेच्या टोकाला पोचल्यावर तो सारा वेग त्याच्या मानेवर येऊन थांबतो. माझ्या एका कुत्रीची मान त्यामुळे आठवडाभर आखडली होती. हे पाहिल्यानंतर मी तार उतरवली.

खरी निवड सुटे खुंटे आणि दावण यांच्यात आहे, आणि खुंट्यांची बाजू मी मुद्दाम नीट मांडतो, कारण मुरमाड जमिनीत असतो तर कदाचित आजही खुंटेच वापरले असते. खुंटा स्वस्त असतो. लोहाराकडून दोन-अडीच फुटांचे जाड गज टोकदार करून, डोक्यावर फिरते कडे बसवून घेतले की झाले. जागा बदलायची तर उपटला आणि दुसरीकडे ठोकला, त्यामुळे एकाच ठिकाणी चिखल, गोचीड आणि घाण साचत नाही. प्रत्येक कुत्रे स्वतंत्र असते. एकाचा खुंटा निघाला तरी बाकीची जागेवर राहतात. नव्या पिल्लाला साखळीची सवय लावायची असेल, तर माझ्या मते खुंट्याइतकी सोपी गोष्ट नाही.

अडचण आमच्या जमिनीची आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. खुंट्याला बांधलेले कुत्रे गोल फिरते, म्हणजे खुंट्यावर आज पूर्वेकडून ताण, घटकाभराने पश्चिमेकडून, पुन्हा उत्तरेकडून. प्रत्येक हिसक्याला खुंट्याचे भोक थोडे रुंदावते, त्यात पाणी उतरते आणि दोन-तीन रात्रींत तेथे नरसाळ्यासारखा खड्डा तयार होतो. संध्याकाळी घट्ट वाटलेला खुंटा पहाटे दोन बोटांनी हलतो. मी खुंटे अर्ध्या फुटाने लांब करून पाहिले, तिरपे ठोकून पाहिले, भोवती मुरूम आणि दगड ठासून पाहिले. पुढच्या झडीपर्यंत प्रत्येक उपाय चालला. तिरपा खुंटा एका दिशेच्या ओढीला चांगला धरतो, पण कुत्रे उलट्या बाजूला गेले की तोच तिरपेपणा त्याला बाहेर यायला वाट करून देतो.

एका श्रावणात, सलग तीन दिवसांच्या झडीनंतर, माझा सर्वांत ताकदवान कुत्रा रात्रीतून खुंट्यासकट गेला. तो नुसता सुटला असता तर मला एवढी काळजी वाटली नसती. पण आठ फूट साखळी आणि तिच्या टोकाला अडीच फुटांचा गज घेऊन तो उभ्या तुरीत शिरला होता. आम्ही पहाटेपासून शोधत होतो. तो दुपारी नाल्याच्या काठी सापडला, खुंटा बोरीच्या जाळीत अडकलेला, साखळीचे वेढे पायांना बसलेले आणि गळ्याची कातडी सोललेली. त्या रात्री तिकडे डुकरांचा कळप फिरला असता तर अडकलेल्या कुत्र्याचे काय झाले असते, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. त्या पावसाळ्यात पाच खुंटे रोज संध्याकाळी हलवून पाहायचे आणि रात्री पुन्हा एकदा कंदील घेऊन हलवून पाहायचे, या कामाने मी इतका थकलो, की माझ्यापुरता निर्णय तेथेच झाला.

दावण आपल्याला नवी नाही. गुरांसाठी लांब दोर दोन्ही टोकांना पक्का करून त्याला दावी अडकवण्याची रीत घरोघरी माहीत आहे. कुत्र्यांसाठी दोराऐवजी साखळी घ्यायची, एवढाच फरक. कुत्रे दोर चावून तोडते, त्यामुळे साखळीला पर्याय नाही. जमिनीलगत एक लांब मुख्य साखळी, तिला ठरावीक अंतरावर आखूड फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकवायचा हूक. काळ्या मातीत या व्यवस्थेचे मर्म असे आहे, की कुत्री कोणत्याही दिशेला ओढोत, टोकाच्या खुंट्यांवर येणारा ताण जवळजवळ एकाच रेषेत येतो. त्यामुळे तो खुंटा दावणीच्या उलट दिशेला झुकवून ठोकता येतो आणि तो तसाच धरून राहतो. मी त्याहीपुढे जाऊन दोन्ही टोकांना अडीच फूट खोल आडवे चर खणले, त्यांत बाभळीचे ओंडके पुरले आणि ओंडक्याला वेढा घालून साखळी वर काढली. दोन पावसाळे झाले, ओंडके हललेले नाहीत. पाच जागांऐवजी दोन जागा पाहाव्या लागतात, आणि त्याही आठवड्यातून एकदा.

अंतराचा हिशेब मात्र काटेकोर ठेवावा लागतो. माझे फाटे चार फुटांचे आहेत आणि दोन फाट्यांमध्ये बारा फूट आहेत, म्हणजे फाट्याच्या तिप्पट. दोन शेजारची कुत्री पूर्ण ताणून समोरासमोर आली तरी त्यांच्या गळपट्ट्यांमध्ये चार फूट उरतात आणि तोंडे भिडत नाहीत. पाच कुत्र्यांसाठी दोन्ही टोकांची मोकळी जागा धरून साठ फूट लागले. फाटा चार फुटांहून लांब करण्याचा मोह होतो; तो आवरावा असे मी नम्रपणे सुचवीन, कारण आखूड फाट्यावर या जातीच्या कुत्र्याला धाव घ्यायला जागाच मिळत नाही आणि मानेला हिसका बसत नाही. मुख्य साखळी तारेसारखी कडक ताणू नये. कडक साखळीला मध्यभागी आडवा हिसका बसला की टोकांवरचा ताण कुत्र्याच्या ओढीच्या कितीतरी पट होतो. फार सैल ठेवली तर अंतराचा हिशेब बिघडतो. मी ती थोडी सैल ठेवून मध्ये दोन आखूड खुंट्यांनी जमिनीशी अडकवली आहे. हे मधले खुंटे पावसात ढिले होतात, पण ते निघाले तरी एकही कुत्रे सुटत नाही.

फाट्याला दोन भोवरकड्या असाव्यात, एक मुख्य साखळीशी आणि एक हुकाजवळ. काळा चिखल आणि केस अडकून एक बसली तरी दुसरी फिरत राहते आणि साखळीला पीळ पडत नाही. त्यांना मी पंधरवड्याला गोडे तेल लावतो. कुत्री साखळी चाटतात म्हणून गाडीचे तेल वापरत नाही. आणि कारवानीचे डोके मानेपेक्षा फार रुंद नसते, म्हणून गळपट्टा रुंद आणि कानामागे नीट बसणारा हवा, नाहीतर सारी व्यवस्था पक्की असूनही कुत्रे मागे सरकून सुटते.

दावणीचे दोष लपवून चालणार नाही. एक कुत्रे अस्वस्थ झाले की साखळीच्या हलण्याने सगळी जागी होतात. जागलीसाठी मला हे चालते, घराच्या अंगणात कदाचित चालणार नाही. तिची जागा सहज बदलता येत नाही, त्यामुळे खालची माती खरवडून काढणे आणि जंताचे औषध वेळेवर देणे भाग पडते. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे साठ फुटांचे लोखंड एकसंध असते. जवळपास झटका मशीनची तार असेल आणि ती तुटून दावणीवर पडली, तर झटका पाचही कुत्र्यांना बसेल. म्हणून कुंपणापासून दावण चांगली दूर ठेवली आहे. आकाशात वीज कडाडू लागली की कुत्री सोडून कोठ्यात नेतो, मग मध्यरात्र असली तरी. माजावर आलेली कुत्री तर दावणीवर ठेवूच नये, कारण तोंडे भिडत नसली तरी मागचे धड पोचते. बांधलेल्या कुत्र्याला पिसाळलेल्या प्राण्यापासून पळता येत नाही, त्यामुळे रेबीजची लस पाचही जणांना दरवर्षी देतो.

ताडोबा, पेंच किंवा मेळघाट यांच्या आसपास ज्यांची वावरे आहेत, त्यांना मी यांतील एकही व्यवस्था रात्रीसाठी सुचवणार नाही. बिबट्याला साखळीवरचे कुत्रे आयते मिळते. तेथे वरूनही बंद असलेला जाळीचा पिंजराच हवा. मुरमाड जमीन आणि दोनच कुत्री असतील तर खुंटे पुरेसे आहेत आणि दावणीचा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. एकच कुत्रे आणि दोन चांगली झाडे असतील तर तार पाहावी, फक्त टोकाच्या आधी कडी अडेल अशी गाठ ठेवावी आणि साखळी झाडाला वेढा घेणार नाही हे पाहावे. पण जमीन काळी असेल आणि कुत्री तीन किंवा अधिक असतील, तर दावण एकदा बसवून पाहावी असे मला मनापासून वाटते.

बसवताना कुत्र्यांचा क्रम आधी ठरवावा. आमचे दोन नर शेजारी नसतात, त्यांच्या मध्ये नेहमी एक वयस्क कुत्री असते. जी सर्वांत लवकर उठते तिला नाल्याच्या बाजूचे टोक दिले आहे, कारण डुकरे तिकडूनच येतात, आणि ज्याचा गळा त्या श्रावणात सोलला होता तो झोपडीच्या अगदी जवळच्या फाट्यावर असतो, खाली बारदान अंथरून.