गाजर गवताची ॲलर्जी आणि ॲझाथायोप्रिनची गोळी: नऊ महिने घेतल्यावरचा अनुभव

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी, कांदा आणि सोयाबीन करतो, वय ५१. सात वर्षं झाली मला काँग्रेस गवताची (म्हंजेच गाजर गवताची) ॲलर्जी आहे आणि त्यातली सहा वर्षं ती कशाची आहे हेच माहीत नव्हतं. मागच्या नोव्हेंबरपासून ॲझाथायोप्रिन (शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे, आता ऑगस्ट संपत आलाय, म्हंजे नऊ महिने झाले आणि पावसाळ्याचे मुख्य महिनेही यात येऊन गेले, म्हणून आता लिहितोय. दोन महिन्यांवर लिहिलं असतं तर "काही फरक नाही" एवढंच लिहिलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं.

आधी काय व्हायचं ते सांगतो, कारण कोणाला तरी स्वतःचं ओळखू येईल. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापण्या सुजल्या, मग मानेला, गळ्याच्या उघड्या भागाला, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाज. थंडीत आपोआप बरं वाटायचं त्यामुळे आम्ही घामामुळे असेल, फवारणीच्या औषधामुळे असेल असं धरून चाललो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून थंडीतही जाईना. कपाळाची कातडी चामड्यासारखी जाड आणि काळी झाली, कपाळावर आडव्या घड्या पडल्या, उन्हात उभं राहिलं की तोंड भाजल्यासारखं व्हायचं. रात्री खाजवून खाजवून उशीच्या अभ्र्याला रक्त लागलेलं असायचं, घरची रोज सकाळी काही न बोलता अभ्रा बदलायची. ते आठवलं की अजूनही गलबलून येतं.

जवळच्या एका डॉक्टरांकडे जायचो, ते एक इंजेक्शन आणि पुडीत बांधून बारीक गोळ्या द्यायचे, चार दिवसांत चेहरा साफ. गोळ्या संपल्या की आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त. असं पाच वर्षं चाललं. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चेहरा गोल झाला, वजन वाढलं आणि शुगर निघाली, तेव्हा मुलीने (ती बी.फार्मला आहे) त्या पुड्या बघितल्या आणि मला सरळ पुण्याला घेऊन गेली.

पुण्याला पॅच टेस्ट केली. सोमवारी पाठीवर बारक्या बारक्या वाट्यांची पट्टी चिकटवतात, प्रत्येक वाटीत वेगळी वस्तू, रबराची, सिमेंटमधली, सुगंधातली, गाजर गवताचीसुद्धा. बुधवारी पट्टी काढून बघतात आणि शुक्रवारी परत बघतात, तोपर्यंत पाठ भिजवायची नाही आणि घामाचं काम करायचं नाही. बाकीच्या जागा कोऱ्या होत्या आणि एका जागी पावलीएवढा लाल फुगवटा, त्यावर पाण्याचे बारीक फोड. मला मागचं दिसत नव्हतं म्हणून डॉक्टर मॅडमनी मोबाईलवर फोटो काढून दाखवला आणि म्हणाल्या, "दादा, हे बघा तुमचं काँग्रेस गवत." सहा वर्षं ज्याच्या मागे फिरलो ते बांधावर उभं होतं, रोज पाय देऊन जात होतो त्याच्यावर!

हे गवत मूळचं आपल्याकडचं नाही, अमेरिका खंडातलं आहे, गव्हाबरोबर आलं असं सगळीकडे सांगतात. पण भारतात त्याची जी नोंद झाली ती १९५६ साली आपल्या पुण्यातूनच, आणि त्याने कातडीचा असा आजार होतो हे १९७० च्या दशकात जगापुढे मांडणाऱ्यांत पुण्याचे डॉ. लोणकर होते. एक झाड हजारोंनी बी टाकतं. त्याच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, झाडावरच्या लवेत आणि परागात, त्यामुळे हात न लावता नुसत्या वाऱ्यानेही त्रास होतो आणि वाळलेल्या काड्यांनीही होतो. म्हणूनच पापण्या आणि गळा आधी धरतो. मॅडमनी शेवंतीपासूनही लांब राहायला सांगितलंय, एकाच कुळातली आहे म्हणून. आमच्याकडे दसऱ्याला शेवंती असतेच, आता झालं, फुलांचं सगळं घरची बघते.

आता गोळीबद्दल. ॲझाथायोप्रिन काही नवीन औषध नाही. हिचिंग्ज आणि एलियन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं (त्या दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं), आणि किडनी बदललेल्या माणसाचं शरीर नवी किडनी नाकारू नये म्हणून वापरात आलं. ते ऐकून मी घाबरलो होतो, खाजेला एवढं मोठं औषध कशाला. तेव्हा मॅडमनी दिल्लीच्या एम्सचा अभ्यास सांगितला आणि मुलीने नंतर घरी तो पूर्ण वाचून मला मराठीत सांगितला. २००८ साली छापून आलाय. गाजर गवताच्याच ५५ पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला रोज १०० मिलिग्रॅम ॲझाथायोप्रिन, दुसऱ्याला रोज २ मिलिग्रॅम बीटामेथासोन, म्हंजे मी पाच वर्षं खाल्लं त्याच जातीचं स्टिरॉइड, दोन्ही सहा महिने. आराम दोन्हीकडे जवळपास सारखाच पडला, पण स्टिरॉइडवाल्यांना दुष्परिणाम जास्त आणि आजार उलटून येण्याचं प्रमाणही जास्त. माझ्या पाच वर्षांचा हिशोबच कोणीतरी मांडून ठेवला होता असं वाटलं मला.

महिन्यांचा हिशोब मी कृषी सेवा केंद्राच्या डायरीत ठेवलाय, रोज रात्री खाजेला दहापैकी मार्क. सुरू करताना ९. आधी ५० मिलिग्रॅमची एक गोळी, रक्त तपासून मग दोन. मॅडमनी गाऊटची गोळी चालू आहे का हे दोनदा विचारलं, त्यातल्या ॲलोप्युरिनॉलबरोबर ही घेतली तर रक्तातल्या पेशी धोकादायक खाली जाऊ शकतात. पहिला महिना शून्य फरक, उलट सकाळी मळमळ, जेवणानंतर घ्यायला लागलो तेव्हा थांबली. दीड महिन्याने ७. जानेवारीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ३६०० पर्यंत खाली आल्या, लगेच डोस निम्मा केला, दोन आठवड्यांनी पेशी वर आल्यावर परत पूर्ण. ही गोळी पचवण्यात काही माणसं जन्मतःच कमी पडतात, आपल्या लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक असणारे बऱ्यापैकी आहेत, त्यामुळे सुरुवातीला रक्त पुन्हा पुन्हा तपासावंच लागतं. कृपा करून माझं वाचून कोणी मेडिकलमधून परस्पर आणू नका, रक्त न तपासता ही गोळी घेणं म्हंजे जिवाशी खेळ आहे.

मार्चमध्ये ४. मेमध्ये २, आणि कपाळावरच्या घड्या गेल्या, लोक ओळखून म्हणायला लागले तब्येत सुधारली. उशीचा अभ्रा आता आठवड्याने बदलतो. स्टिरॉइडच्या गोळ्या मॅडमनी हळूहळू कमी करत फेब्रुवारीत पूर्ण बंद केल्या, शुगरही खाली आली. चेहऱ्याला टॅक्रोलिमसचं मलम, पहिला आठवडा झोंबतं पण नंतर काही नाही.

जुलैत एकदा मात्र दोन दिवसांत खाज २ वरून ७ वर गेली. गोळी चुकली नव्हती, मलम चालू होतं, रानात पूर्ण बाह्या आणि उपरणं बांधूनच जात होतो, तरी फक्त तोंड आणि मान पेटली. शेवटी घरचीच्याच लक्षात आलं. विहिरीजवळ तारेवर माझा टॉवेल वाळत असतो आणि पाऊस झाल्यापासून तारेखाली कमरेएवढं गाजर गवत वाढून पांढऱ्या फुलांनी भरलं होतं, वाऱ्याने सगळं त्या टॉवेलवर. अंघोळ करून मी रोज तेच तोंडाला चोळत होतो. तार हलवली, पोराने हातमोजे घालून गवत उपटलं, दहा दिवसांत परत ३. गोळी चालू असली तरी गवतापासून लांब राहणं सुटत नाही हे तेव्हा नीट कळलं. मेक्सिकन भुंगे सोडलेत आमच्या भागात, पाने खातात चांगली, पण पावसाळ्यापुरतेच दिसतात आणि तोवर फुलोरा झालेला असतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क कमी केला तो तीन गोष्टींमुळे, फरक पडायला लागणारा वेळ, दर महिन्याची पुण्याची फेरी (गोळ्यांपेक्षा रक्ततपासणी आणि एसटीचाच खर्च जास्त होतो) आणि किती दिवस घ्यायची याचं पक्कं उत्तर नसणं. अभ्यास सहा महिन्यांचे आहेत आणि माझा आजार सात वर्षांचा. एम्सच्याच लोकांनी २०१५ मध्ये ६० पेशंटवर अजून एक अभ्यास छापलाय, रोज १०० ऐवजी आठवड्यातून एकदाच ३०० मिलिग्रॅम. त्यात नवी पद्धत जास्त चांगली आहे का हे नाही बघत, जुनीपेक्षा ठरवलेल्या मर्यादेबाहेर कमी तर पडत नाही ना एवढंच बघतात, आणि ती कमी पडली नाही. आठवड्याला ७०० च्या जागी ३०० म्हंजे औषध निम्म्याहून कमी! ५५ आणि ६० माणसं, एकच हॉस्पिटल, आकडे छोटे आहेत हे मला कळतं. पण या आजारावर मोठी कंपनी कशाला पैसे घालेल, पेशंट बहुतेक माझ्यासारखे शेतकरी आणि शेतमजूर, औषध जुनं आणि स्वस्त. ज्या डॉक्टरांनी तरीही बसून चिठ्ठ्या टाकल्या, सहा महिने नोंदी ठेवल्या, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ज्या पेशंटनी त्यात नाव दिलं त्यांचेही. असा अभ्यास पुण्यात, नाशकात, सोलापुरात निघाला तर मी पहिला सही करीन, गवताची १९५६ ची नोंद आपल्याकडची आहे आणि त्रास काढणारे गावोगाव आहेत.

आठवड्याच्या डोसबद्दल मॅडमना विचारलंय. त्या म्हणाल्या दिवाळीपर्यंत आहे तेच चालू ठेवू, गवत वाळलं की मग कमी करायचं की आठवड्यावर जायचं ते बघू. शुक्रवारी रक्ताचा रिपोर्ट आहे.