यकृत घरातल्या माणसाचं की मेंदूमृत दात्याचं?

मुंबईत यकृत प्रत्यारोपणाची वेळ आलेल्या घरात हा प्रश्न पडतोच. मेंदूमृत दात्याचं यकृत बहुधा अख्खं मिळतं, घरातल्या कुणाचं पोट उघडावं लागत नाही. पण झेडटीसीसीच्या (मेंदूमृत दात्यांचे अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणारी संस्था) यादीत नाव घालून फोनची वाट बघायची, आणि आजार थांबत नाही. फोन आला की धावायचं. बर्फात ठेवलेलं यकृत साधारण 12 तासांच्या आत बसवावं लागतं.

जिवंत दात्याकडून एक भागच घेतात, मोठ्या माणसासाठी बहुधा उजवा. तारीख ठरवता येते. दात्याचं उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढं होतं (मूत्रपिंड असं पुन्हा उगवत नाही). तरी ऑपरेशन मोठंच. बहीण ‘हो’ म्हणाली तरी तिला एकटीला बसवून पुन्हा विचारा, अगदी कळकळीनं सांगते. आजार झपाट्यानं बळावत असेल तर मी जिवंत दाताच निवडेन.