टाल्कमधली ट्रायकोडर्मा पावडर: पावसाने ओढ दिली की कळते हिची किंमत

ट्रायकोडर्मा बहुतेकांना ठाऊक आहे ती पिकाच्या मर आणि मूळकुज या रोगांना आवरणारी उपयोगी बुरशी म्हणून. बीजप्रक्रियेसाठीची, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला लावायची, टाल्क या मऊ खनिज भुकटीत मिसळलेली तिची पावडर आम्हाला मोलाची वाटते ती दुसऱ्याच गुणासाठी. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर प्रक्रिया केलेलं बियाणं जास्त तग धरतं. ही बुरशी कोवळ्या मुळांच्या बाहेरच्या थरात वस्ती करते आणि ताणामुळे पेशींना होणारी इजा भरून काढायची रोपाची स्वतःची ताकद वाढवते. ओल भरपूर असेल तेव्हा फरक जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून हिला निकालात काढणं बरोबर नाही. पार कोरड्या मातीत पेरलं, तर मात्र हीसुद्धा काही करू शकत नाही.

मात्रा १ किलो बियाण्याला साधारण ५ ग्रॅम; पाकिटावर वेगळी दिली असेल तर तीच धरा. चिकटण्यासाठी गुळाचं पाणी उकळून घ्या, पण पूर्ण गार झाल्यावरच वापरा, कोमट पाण्यातही जोखीम आहे. सोयाबीनची साल फार पातळ. १ किलोला १०-१५ मिली पाणी पुरे. जास्त झालं की साल सुरकुतते, हाताने चोळलं की सुटते आणि उगवण पडते. गोणपाटावर पसरून हलक्या हाताने वरखाली करा, नाहीतर ड्रम सावकाश फिरवा. हरभऱ्याला भिजवणं चालतं, फायद्याचंही ठरतं: ८ तास पाण्यात, मग सावलीत वरची ओल सुकवून पावडर. मोड दिसेपर्यंत भिजवू नका. मोड आलेलं बी सुकवलं की मोड करपतो, मग ते उगवत नाही.

प्रक्रिया झाली की अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो रासायनिक बुरशीनाशकासोबत. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा जगत नाही. पिशवीतलं बियाणं रंगीत असेल तर त्याला काय लावलंय ते आधी वाचा. रायझोबियम (कडधान्यांच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावायचं असेल तर सगळ्यात शेवटी.

पावडरीची खरी कमजोरी म्हणजे साठवण. ती जिवंत आहे. उन्हात किंवा पत्र्याखाली तापलेलं पाकीट मुदतीत असूनही मेलेलं असू शकतं, आणि नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून पेरणीच्या आठवडाभर आधी तपासा: वाफवलेला, गार झालेला मोकळा भात स्वच्छ बरणीत घ्या, चिमूटभर पावडर टाका, तोंडाला कापड बांधून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत आधी कापसासारखी पांढरी आणि मग हिरवी वाढ दिसली, तर माल चांगला. काही प्रकारांना खोबऱ्यासारखा वासही येतो. काळी बुरशी आली, तर एकदा नव्या भातावर पुन्हा करून बघा. तरीही काळीच आली, तर ते पाकीट बियाण्याला लावू नका.