फ्लाइटचं पॅकिंग: ठाण्याच्या दुकानांची सेवा झकास, लेबल कच्चं

नौपाड्यात, गोखले रोडला किंवा राम मारुती रोडच्या आसपास मसाले, पिठं, फराळ विकणाऱ्या दुकानात "फ्लाइटचं पॅकिंग हवंय" (म्हणजे विमानाने परदेशी न्यायचंय, तसं बांधून द्या) एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न समोरूनच येतात. कधी निघताय, किती किलो, तिखट कमी करायचं का. वाशी-नेरूळकडच्या गृहउद्योगांतही हेच. एका दुकानाचं नाव घेऊन तारे देण्यात अर्थ नाही, कारण पद्धत सगळीकडे तीच आणि चुकतंही त्याच जागी.

आधी जे खरंच चांगलं आहे ते. पाव किलो मेतकूटसुद्धा तोंड वाकडं न करता बांधून मिळतं. भाजणीत धने कमी, गोड्या मसाल्यात तीळ जास्त, असं सांगितलेलं ऐकलं जातं. चकली आधी खाऊन बघा मगच घ्या, हा आग्रह वर. सिंगापूर किंवा टोरंटोच्या सुपरमार्केटात हे सुख नाही, तिथे पाकीट फोडलं की ते तुमचं. पण त्याच पाकिटावर आत काय काय आहे ते शेवटच्या चिमटीपर्यंत छापलेलं असतं. इथे ते दुकानदाराच्या डोक्यात असतं, आणि कस्टमसमोर दुकानदार सोबत नसतो.

पॅकिंगबद्दल. व्हॅक्यूमचं यंत्र बऱ्याच दुकानांत आलंय, पण सगळंच त्यात घालायचा उत्साह नडतो. मसाला, मेतकूट, भाजणी यांना ते उत्तम. फक्त गिरणीतून आलेलं पीठ कोमट असताना भरलं तर आत दव धरतं, गुठळ्या होतात आणि कुबट वास येतो. कागदावर पसरून चार-पाच तास निवलं की मगच भरायचं. दुसरी चूक पिशवीच्या तोंडाशी होते. हवा ओढताना पिठाची धूळ वर येऊन सीलमध्ये अडकते आणि तिथूनच हवा परत शिरते. पिशवी चार बोटं रिकामी ठेवायची, तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, पिठावर बटर पेपरची घडी ठेवायची आणि एकाऐवजी दोन सील मारून घ्यायची. मागितलं तर दुकानदार करून देतात, आपणहून फारसं कुणी करत नाही. माल निदान एक दिवस आधी घरी आणावा. रात्रभरात पिशवी सैल पडली तर सील फसलंय, परत नेता येतं. मसाल्याची वीट झाली म्हणून घाबरू नये, चमच्याने सुटते.

चकली, चिवडा, शेव यांना व्हॅक्यूम अजिबात नको, भुगाच हाती लागतो. पण पिशवी फुग्यासारखी टम्म भरून सील करणं हेही चूकच. विमानात सामान ठेवतात तिथला हवेचा दाब साधारण 2,000 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राहतो. ठाण्याच्या दाबाला भरलेली हवा तिथे पाव ते एक तृतीयांश पट जास्त फुगते आणि पिशवी सीलपाशी उसवते. पिशवी थोडी मऊच ठेवून ती कडक प्लास्टिकच्या डब्यात, थरांमध्ये पेपर नॅपकिन घालून. लोणच्याची गळतीही याच हवेमुळे. बरणीत मोकळी जागा जितकी जास्त, तितकं तेल बाहेर ढकललं जातं. म्हणून प्लास्टिकची बरणी गळ्यापर्यंत भरून, वर प्लास्टिकचा तुकडा दाबून, झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन पिशव्या, आणि बॅगेत मधोमध कपड्यांत. काचेची बरणी दिली तर परत करा. हातातल्या बॅगेत लोणचं नेऊ नये, तेल द्रवातच मोजतात आणि मर्यादा 100 मिलिलिटरची. अमेरिकेच्या विमानात तर 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूडही हातातल्या सामानात अडवू शकतात, म्हणजे मसाला मोठ्या बॅगेतच.

आता लेबल. इथे मात्र एकही तारा द्यावासा वाटत नाही. पाकिटावर मार्करने "गोडा" किंवा नुसतं "भा." लिहिलेलं. सिडनीच्या अधिकाऱ्याला ती तपकिरी पूड म्हणजे काहीही असू शकते. तिकडे तोंडी खात्रीला किंमत नाही. आपल्याकडे "अहो, सगळे नेतात, काही होत नाही" हे प्रेमाने सांगितलं जातं आणि त्यावर विसंबून फॉर्मवर "खाद्यपदार्थ नाहीत" अशी खूण होते. फजिती होते ती इथेच. "आहेत" म्हणून सांगितलं आणि वस्तू चालत नसली तर बहुधा ती ठेवून घेतात, विषय संपला. लपवलेली सापडली तर दंड. दुकानाकडून इंग्रजीत छापलेली घटकांची यादी, वजन, पॅकिंगची तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक एवढं मागा. छापील नसेल तर दुकानाच्या बिलावर प्रत्येक वस्तूपुढे घटक लिहून शिक्का घ्या. निदान बोलणी करता येतात.

घटक विचारण्याचं दुसरं कारण खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेली वस्तू आहे, सिंगापुरातही. आणि आपल्या फराळात ती कुठे नसते? अनारसे तर तिच्यावरच थापतात, करंजीच्या सारणात असते, कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात असते. दुबईला जाणाऱ्याला दिवाळीच्या फराळाचा तयार डबा बांधून देणारं दुकान ही चूक हसतमुखाने करतं. ऑर्डर देतानाच सांगा: "काकू, दुबईचं आहे, खसखस कशातच नको." तिच्याऐवजी तीळ चालतात, अनारशांना रूप जरा वेगळं येतं इतकंच.

पेढे, बर्फी, खव्याचं काहीही ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला नेऊ नये, भारतातून नेलेल्या दुधाच्या पदार्थांना दोन्हीकडे मनाई आहे. तुपातले बेसनलाडू जरा अडचणीचे, सोबत घटकांची यादी हवीच. अमेरिकेला ताजा कढीपत्ता नको. त्यावरच्या किडीमुळे तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो. वाळवलेला मसाल्यात कुटून घेतलेला बरा. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या कुठल्याच बॅगेत टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात विमानवाले खोबरं धरतात. आणि हापूस: अमेरिकेला जाणारा आंबा वाशीच्या विकिरण केंद्रात किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) इतका किरणांचा मारा खाऊन, तपासणी होऊन जातो. शेजारच्या एपीएमसीच्या घाऊक बाजारातून घेतलेली पेटी बॅगेत टाकली तर तिला तो मान मिळत नाही, कचऱ्याचा डबा मिळतो.

सुके बोंबील आणि सोडे यांना साधी पारदर्शक पिशवी दोनदा गुंडाळूनही पुरत नाही, वास प्लास्टिकमधून झिरपतो. आतून अल्युमिनियमचा थर असलेला पाऊच मागा. मासळीवाल्याकडे तो सहसा नसतो, मसाल्याच्या दुकानात मिळतो. आपलं पाकीट नेऊन सील करून घेतलं तर चालतं, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका, गिऱ्हाईकं नाक मुरडतात.

वेळेचं गणित परदेशातल्या घड्याळाने करू नये. "संध्याकाळी या" म्हणजे सहा ते साडेनऊमधली कुठलीही वेळ, आणि काही जुनी दुकानं दुपारी बंद असतात. भाजणी भाजून, दळून, निवून यायला दिवस लागतात. ऑर्डर आठ दिवस आधी द्यावी, डिसेंबरात पंधरा. फ्लाइट दोन दिवस अलीकडची सांगायची युक्ती सगळेच करतात, त्यामुळे दुकानदारही ती धरूनच चालतो. खरी तारीख आणि विमानाची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली तर जास्त मनावर घेतात. पाकिटं अर्ध्या किलोची करून घ्या. 23 किलोची बॅग विमानतळावर दीड किलोने जास्त भरली तर तीन पाकिटं काढून दुसरीत टाकता येतात, दोन किलोचा गोळा फोडता येत नाही. पॅकिंगचे पैसे किलोच्या भावात धरलेत की वेगळे, तेही आधीच विचारा. बिल झाल्यावर वरून मूठभर शंकरपाळी घालतील. ती नाकारू नका, पण वेगळ्या पिशवीत घ्या, नाहीतर पाकिटाचं पुसून ठेवलेलं तोंड पुन्हा तेलकट व्हायचं.