सही माझी, साईट अनोळखी

सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या आम्हा स्ट्रक्चरलवाल्यांच्या, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरांच्या, निम्म्या अडचणी व्हॉट्सअ‍ॅपवरच सुटतात. रात्री साडेदहाला कुणीतरी विचारतो, 'हद्दीला लागून कॉलम आहे, शेजारच्याच्या जागेत फुटिंग नेता येत नाही, स्ट्रॅप बीम द्यावा की कम्बाइन्ड फुटिंग?' आणि झोपायच्या आत दोघा-तिघांची उत्तरं येतात. (फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पाया; बाकी दोन त्याचे पर्याय.) कुणी आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडचं पान टाकतो, कुणी एसपी १६ या डिझाईन-पुस्तिकेतला तक्ता, कुणी स्वतः बनवलेली एक्सेल शीट. तालुक्याच्या गावी एकट्याने ऑफिस चालवणाऱ्याला शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं, त्यामुळे ही देवाणघेवाण मोठा आधार आहे. ती बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण यात आता अशी माणसं घुसली आहेत ज्यांना आपल्या पैशांत रस नसतो, आपल्या सहीत असतो. म्हणून हे लिहितोय.

आमच्या ग्रुपवर एक गृहस्थ होते, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. सरकारी खात्याच्या डिझाईन विभागातून निवृत्त झालोय, आता पोरांना चार गोष्टी सांगायच्या एवढंच उरलंय, अशी त्यांनीच करून दिलेली ओळख. माणूस तयारीचा होता, हे आजही मान्य करावं लागेल. आपल्याकडे कॉलमच्या सळईचा लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींवर घेऊन केलेला जोड, स्लॅबच्या लगेच वर मारायची सवय. साहेबांनी आयएस १३९२० या भूकंपरोधक सळईकामाच्या कोडमधलं कलम टाकून दाखवलं की लॅप कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीतच घ्यायचा असतो. बीम-कॉलमच्या जोडात रिंगा (उभ्या सळयांना आवळणारी आडवी कडी) गाळतात, त्यावर त्यांनी आवाजी मेसेज करून सगळ्यांना चांगलं झापलं होतं. असा माणूस भामटा निघेल हे कुणाच्या मनात येणार? भामट्याला लॅप कुठे घ्यायचा ते कळत नसतं, असाच आपला समज.

त्यांचा एक किरकोळ धंदाही होता. 'संपूर्ण डिझाईन लायब्ररी' म्हणून पेनड्राइव्ह विकायचे, दीड हजाराला. आत आयएस कोडच्या पीडीएफ, त्याही जुन्या: भूकंपाचा कोड २००२ चा, वाऱ्याचा १९८७ चा. भूकंपाचा, म्हणजे आयएस १८९३ चा पहिला भाग, २०१६ ला सुधारला, वाऱ्याचा, म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ ला. शिवाय भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आपले कोड फुकट उतरवून घेता येतात. नुकती पदवी घेतलेली पोरं पैसे मोजून रद्द झालेले कोड घेऊन बसली. असो, दीड हजारांची ही गोष्ट नव्हे.

सांगलीतल्या शामरावनगरमध्ये माझं एक काम चालू होतं, तळमजला अधिक दोन मजले. तिथली माती काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून फुटिंग जवळजवळ दहा फूट खाली नेलं होतं. एका जोडाच्या डिटेलिंगवर, म्हणजे सळयांच्या मांडणीवर, मी ग्रुपवर विचारलं. साहेबांचा खासगीत मेसेज आला, 'ड्रॉइंगचा पूर्ण सेट पाठव, निवांत बघून देतो. मंजुरीला दिलेलाच पाठव, सहीशिक्क्यासकट, म्हणजे शेवटची आवृत्ती कोणती हा घोळ नको. ऑटोकॅडची फाईलही दे, त्यातच खुणा करतो.' वरिष्ठ माणूस फुकट तपासून देतोय म्हटल्यावर यात वावगं काही नव्हतं, चेकिंगला सेट असाच जातो. तपासणी आली तीही खरी होती. दुरुस्तीच्या जागांभोवती लाल ढग काढून त्यांनी दोन ठिकाणी रिंगांचं अंतर कमी करायला सांगितलं, आणि ते बरोबर होतं. पुढे काही दिवसांनी, 'ग्रामीण कामांसाठी चार चांगल्या इंजिनिअरचं पॅनल करतोय, तुझ्या लायसन्सची प्रत लागेल,' म्हणून तीही मागून घेतली.

म्हणजे आता त्यांच्याकडे बदलता येणारं ड्रॉइंग होतं, माझी सही होती, शिक्का होता आणि लायसन्सची प्रत होती. एवढ्या भांडवलावर कन्सल्टन्सी उघडता येते.

मग एके दिवशी संध्याकाळी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून फोन आला.

"सर, कॉलमच्या रिंगा बांधल्यात, पर फिटर म्हणतोय कव्हर ब्लॉक बसंना. उद्या काँक्रीट हाय. बघाया येताय न्हवं?"

"कुठली साईट?"

"आता काय सर, तुमचीच की."

ठेकेदाराने फोनवर शीटचे फोटो पाठवले. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत, मालकाचं आणि गावाचं नाव बदललेलं, मोबाइल नंबरही बदललेला. सही मात्र माझी, शिक्का माझा. मग माझा नंबर यांना मिळाला कुठून? शेवटच्या शीटवर बारीक अक्षरात सर्वसाधारण सूचना असतात, त्या साहेबांनी वाचायचे कष्ट घेतले नव्हते. 'काँक्रीट ओतण्याआधी एक दिवस कन्सल्टंटला कळवावे' आणि पुढे माझा नंबर. ठेकेदार बिचारा सूचनेप्रमाणे वागला होता. आमच्या धंद्यात ती सूचना वाचणारा ठेकेदार मी पहिल्यांदाच पाहिला! त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलं होतं की जोत्याची पातळी २०१९ च्या पूरपातळीच्या वर ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. शामरावनगरला ही सूचना हवीच. पाटणच्या डोंगरउतारावरचा मालक मात्र जोतं कोणत्या पुराच्या वर घेणार होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काम थांबवायला सांगून मी साईटवर गेलो. माझ्या मूळ ड्रॉइंगमध्ये कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटरचे होते. भिंतीच्या बाहेर कॉलम दिसायला नको, हा सगळ्या मालकांचा आवडता हट्ट. साहेबांनी तो पुरवला आणि कॉलमच्या मापांच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूलमध्ये, ३०० खोडून २३० केलं. आयएस १३९२० प्रमाणे अशा कॉलमची कुठलीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, ही त्यांनीच ग्रुपवर शिकवलेली गोष्ट. पण रिंगांचं कोष्टक बदलायचं राहून गेलं. चाळीसच्या कव्हरने, म्हणजे रिंगेबाहेर दोन्हीकडे चाळीस मिलिमीटर काँक्रीट ठेवून, ३०० च्या कॉलमची रिंग २२० रुंद होते. ती २३० च्या शटरिंगमध्ये घातली की दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर उरतात. फिटर कव्हर ब्लॉक हातात घेऊन रिंग आणि फळीच्या मध्ये घालून दाखवत होता, तो आत जातच नव्हता. त्या फिटरला कोड माहीत नव्हता, पण चोरी त्यानेच पकडली.

बाकी प्रकार वाचणाऱ्या इंजिनिअरला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. भूकंपाच्या २०१६ च्या कोडमधल्या नकाशात सांगली झोन तीनमध्ये, पाटण ज्यात येतं ते कोयना खोरं झोन चारमध्ये. झोन फॅक्टर ०.१६ चा ०.२४ होतो, म्हणजे त्याच इमारतीवर भूकंपाचा आडवा जोर दीडपट. ज्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तिथे सांगलीचं डिझाईन, तेही कॉलम बारीक करून. त्यात जागा उताराची. वरच्या बाजूचे कॉलम आखूड राहतात, आखूड कॉलम ताठ असतो आणि जोर आधी त्याच्यावर येतो. दुसरीकडे फुटिंग मात्र ड्रॉइंगबरहुकूम दहा फूट खाली. कंबरेएवढ्या खोलीवर कडक मुरूम लागला होता, तरी कागदावर लिहिलंय म्हणून मालकाने ब्रेकर लावून खडक फोडला. सांगलीच्या काळ्या मातीचा खर्च त्याने पाटणच्या मुरमात केला आणि डोक्यावरच्या कॉलमच्या सुरक्षेत काटकसर केली!

मालक मुंबईत माथाडी काम करून गावी परतलेले. साहेबांना त्यांनी चौरस फुटाला तीन रुपयांनी पैसे ऑनलाइन पाठवले होते. "सांगलीच्या इंजिनिअरची सही हाय म्हणाले, मंजुरीला कोन हात लावत न्हाई," असं ते सांगत होते. माझ्याकडे ते ज्या नजरेने बघत होते, त्यात मी साहेबांचा भागीदार आहे हा संशय स्पष्ट होता, आणि त्यांच्या जागी मीही तोच धरला असता.

तिथूनच साहेबांना फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, वडीलधारा. "अरे, तुझं नाव गावोगाव जातंय, फुकटची जाहिरात समज. डिझाईन तर भक्कमच आहे ना तुझं?" मी कॉलमचं विचारलं तसा फोन कटला. रात्रीपर्यंत ते ग्रुपमधूनही गायब.

पोलिसांकडे पहिला प्रश्न आला, तुमचे किती गेले? एक रुपयाही नाही म्हटल्यावर, मग फसवणूक कुणाची झाली, असा दुसरा. इथे धीर सोडायचा नाही. उद्या ती इमारत पडली तर कागदावर जबाबदार मी, हे शांतपणे समजावून सांगावं लागतं. मालकाची फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते, बनावट दस्तऐवज करणं कलम ३३६ मध्ये आणि तो खरा म्हणून वापरणं ३४० मध्ये. गुन्हा सांगलीचा की पाटणचा या वादात अडकू नका. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे जातो. माझ्या कामी आलं ते मूळ फाईल, मंजुरीला सेट पाठवल्याचा ई-मेल आणि मालकाने जपून ठेवलेला पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ती हाताला लागणं कठीण.

सल्ला मी अजूनही मागतो आणि देतोही. फक्त लक्षात घ्या, एका जोडाबद्दल विचारायला पूर्ण सेट लागत नाही. त्या फ्रेमचं रेखाचित्र, कॉलमवरचा लोड आणि मातीचा अहवाल एवढ्यावर कुणीही जाणकार मत देऊ शकतो. 'सहीसकट पाठव' असं जो म्हणतो त्याला सही कशाला हवी हे विचारा. डिटेलिंग सहीत नसतं. स्कॅन करून चिकटवलेली सही पीडीएफमधून उचलायला मिनिट लागत नाही. डिजिटल सर्टिफिकेटने सही केली तर नंतर फाईलमध्ये काहीही बदललं की ती अवैध दाखवते, म्हणून मंजुरीचे सेट मी आता तसेच देतो. चर्चेसाठी पाठवायच्या शीटवर कॉलमच्या शेड्यूलवरूनच आडवं 'फक्त चर्चेसाठी, बांधकामासाठी नाही' छापतो. कोपऱ्यात छापलं तर कोपरा कापतात.

घर बांधणाऱ्यांनी एवढं करावं: ड्रॉइंगवरच्या टायटल ब्लॉकमधल्या नंबरवर विश्वास ठेवू नये. ज्या कार्यालयाने इंजिनिअरला लायसन्स दिलंय तिथून त्याचा नंबर घ्यावा आणि पैसे देण्याआधी त्याच्याशी स्वतः बोलावं. जो इंजिनिअर माती न बघता फुटिंगची खोली सांगतो, त्याचं ड्रॉइंग तुमच्या जागेसाठी काढलेलं नसतं.

पाटणच्या घराचं डिझाईन नव्याने केलं, मातीची चाचणी करून. फुटिंग वापरता आली, कॉलम ३०० चेच झाले आणि एका खोलीच्या कोपऱ्यात ते दिसतात, याबद्दल मालक अजून कुरकुरतात. माझ्या नावावर खरोखर चालू असलेल्या कामांची यादी मी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या मंजुरी देणाऱ्या कार्यालयांना लेखी कळवली आहे. मिरजेच्या एका मित्राने हे ऐकून आपली कामं तपासली, तर त्याच्या सहीचं एक स्थिरता प्रमाणपत्र त्याने कधीच न पाहिलेल्या गोडाऊनला जोडलेलं सापडलं. साहेबांना ज्यांनी ज्यांनी सहीचे सेट पाठवलेत, त्यांनी आपापल्या लायसन्स नंबरवर कोणती कामं दाखल आहेत हे एकदा कार्यालयात जाऊन विचारावं, आणि काही आढळलं तर तक्रार वेगळी न करता आमच्या तक्रारीचा संदर्भ देऊन करावी.