ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला जुना राऊटर, आठ महिन्यांनंतर: तक्रार एकच, नारंगी दिव्याची

दिवाळीनंतर मेव्हण्याचा जुना राऊटर परभणीला आणला. पुण्यात त्यानं नवा घेतला होता, हा माळ्यावर धूळ खात पडलेला. फुकट देईल असं वाटलं होतं, पठ्ठ्यानं ८०० रुपये घेतले. वर "भाऊजी, अ‍ॅडॅप्टर ओरिजिनल आहे हं" असं ठसक्यात सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आठ महिन्यांत माझं मत तीनदा फिरलं. डिसेंबरात जो भेटेल त्याला ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, टाकायचं खुलं सॉफ्टवेअर) टाक म्हणून सांगत होतो. एप्रिलमध्ये हाच राऊटर गच्चीवरून खाली टाकायच्या बेतात होतो. आता जुलै आहे, तो अजून कपाटावरच बसलेला आहे आणि मी हे त्याच्यावरूनच लिहितोय.

मशीन साधंच: ड्युअल बँड, १६ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा), १२८ एमबी रॅम. ओपनडब्ल्यूआरटी यात आरामात बसतं. कुणी ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला डबा दोनशे रुपयांत देत असेल तर मोहात पडू नका, आताच्या आवृत्त्या त्यात मावत नाहीत. तळावरच्या स्टिकरवर हार्डवेअर व्हर्जन बघा. एकाच मॉडेलच्या व्ही२ आणि व्ही५ ची फाईल वेगळी असते. मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना 'फॅक्टरी' लिहिलेली फाईल लागते, 'सिसअपग्रेड'वाली नंतरची.

फाईल चढवून झाल्यावर वायफाय दिसलं नाही आणि घरात लगेच सुतक पडलं. ते मुळात बंदच येतं. लॅन केबल लावून १९२.१६८.१.१ उघडायचं, पासवर्ड ठेवायचा, मग वायफाय चालू करायचं. आता लॅपटॉपला लॅनचं भोक आहे कुठं? कन्व्हर्टरला पाचशे घालायचे नव्हते, म्हणून चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर राऊटर पिशवीत घालून गेलो. तिथं रब्बीच्या पीकविम्याची गर्दी. रात्री साडेआठला मालकानं पंधरा मिनिटं कॉम्प्युटर दिला, चहा मी पाजला. दहा रुपयांत काम झालं.

वायफायच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडायला विसरू नका. आणि ५ गिगाहर्ट्झला चॅनल ५२ ते ६४ मधला घेतला तर तो आधी मिनिटभर रडार आहे का ते ऐकत बसतो, तोवर वायफाय उगवत नाही. मी ३६ घेतला आणि मोकळा झालो. नेटवाल्यानं आमच्या आधीच्या राऊटरचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवला होता, त्यामुळं पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड बरोबर असून लाईन लागेना. फोनवर म्हणे, "सर, राऊटर आमच्याकडूनच घ्यावा लागतो." त्या आधीच्या राऊटरच्या स्टिकरवरचा मॅक यात टाइप केला, लागली.

हा सगळा उपद्व्याप केला कशासाठी, तर रांगेसाठी. प्लॅन ५० एमबीपीएसचा, कागदावर भरपूर. पण बायको शाळेच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ ग्रुपवर चढवायला लागली की आतल्या खोलीत पोरीचा नीटचा लाइव्ह क्लास गोठायचा. एरवी २५-३० मिलिसेकंद असलेलं पिंग (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) चारशेच्या पुढं जायचं. सोयाबीनच्या सीझनला मोंढ्यात ट्रॅक्टरची रांग लागते आणि एक पिशवी घेऊन आलेला मोटारसायकलवाला मधेच अडकतो, तसं. एसक्यूएम नावाचं, रांग सांभाळणारं पॅकेज (वरून टाकायचं जास्तीचं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात केक ही पद्धत निवडली, वेग मुद्दाम ५० ऐवजी ४५ लावला. पाच एमबीपीएस सोडले म्हणजे रांग नेटवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते, आणि पिशवीवाल्याला बाजूनं काढून देणं आपल्या हातात येतं. तेव्हापासून व्हिडिओ चढत असताना पिंग चाळीसच्या आत. पोरीनं आठवडाभर तक्रार केली नाही. आमच्या घरात याला पुरस्कार म्हणतात.

(नावातल्या डब्ल्यूआरटीचं कोडं बरेच जण विचारतात. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर होता, त्यात लिनक्स होतं. जीपीएल परवान्यामुळं त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि २००४ मध्ये त्यावरून हा प्रकल्प सुरू झाला.)

इथपर्यंत पाच तारे. आता दिवा.

या राऊटरवर पृथ्वीच्या चित्राचा एक दिवा आहे. मूळ फर्मवेअरमध्ये नेट असलं की हिरवा, केबल आहे पण नेट नाही तर नारंगी. आमचे आण्णा हॉलमध्ये बाजेवर बसतात, समोरच कपाट, कपाटावर राऊटर. मोबाईलवर कीर्तन थांबलं की ते मान वर करून बघायचे आणि जाहीर करायचे, "नारंगी हाय, थांबा." घरात कुणी स्पीड टेस्ट करत नव्हतं, आण्णांना विचारायचे.

ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर माझ्याकडं तो दिवा फक्त केबल बघू लागला. फायबरच्या पांढऱ्या डब्यापर्यंतची दीड हात वायर जोडलेली असली की झाला हिरवा. बाहेर फायबर तुटून पडली असली, डब्यावर एलओएसचा (फायबरचा सिग्नल नसल्याचा) लाल दिवा पेटला असला, तरी हा आपला हिरवाच. डबा दाराआड, आण्णांना दिसत नाही. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा ते अर्धा तास मोबाईल बंद-चालू करत बसले. "हिरवा हाय की, मग काहून चालंना गेलंय?" मी कारण सांगितल्यावर म्हणाले, "चांगलं मशीन बिघडवून ठेवलास."

मला झोंबलं. सेटिंगमध्ये एलईडी कॉन्फिगरेशनचं पान आहे. तिथं दिव्याचा ट्रिगर 'नेटदेव' (नेटवर्कच्या जोडणीवर चालणारा) ठेवून डिव्हाइसच्या जागी ईथरनेट पोर्ट काढला आणि 'पीपीपीओई-वॅन' निवडलं. आता लॉगिन तुटलं की दिवा विझतो. मी खूश. आण्णा नाहीत.

"विझला म्हंजे लाईट गेली का नेट गेलं, मला कसं कळावं? नारंगी पायजे."

मुद्दा बिनतोड होता. नारंगी दिवा यंत्रात आहे, त्याला सांगणारं कुणी नाही, एवढंच. मग लाईन वर-खाली झाली की आपोआप चालणाऱ्या हॉटप्लग स्क्रिप्टमध्ये चार ओळी लिहायच्या ठरवल्या: वॅन (बाहेरच्या नेटची जोडणी) पडला की नारंगी लाव, उठला की विझव. तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी दिव्याचं नाव दुसऱ्या मॉडेलवरून उचललं होतं, ते माझ्यात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी नाव बरोबर, तरी ढिम्म. तिसऱ्या दिवशी कळलं की फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिल्यामुळं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटलंय, आणि राऊटरला 'इफडाऊन' (जोडणी पडली) हा शब्द ओळखूच येत नाहीये. फाईल राऊटरवरच पुन्हा टाइप केली. केबल उपसली. नारंगी! आण्णा म्हणाले, "आता बरं झालं." पाच तारे परत.

मार्चपासून नेट तुटायला लागलं. सकाळी ठीक, संध्याकाळी सात ते दहा मधे दोन-तीनदा. दोन मिनिटांनी आपोआप यायचं. पोरीचा क्लास नेमका त्याच वेळी. मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. चॅनल बदलला. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे का ते तपासलं, होता. वायफायचा एटीएच१०के-सीटी ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) काढून साधा एटीएच१०के आणि त्याचं फर्मवेअर टाकलं, कारण याच चिपवाल्यांना अनेकदा हाच उपाय सांगतात. फरक शून्य. मग नवी आवृत्ती चढवली. सेटिंग टिकली, पण वरून टाकलेली पॅकेजं उडतात हे लक्षात नव्हतं, एसक्यूएम गायब. दोन दिवस पोरगी म्हणत होती की आता तर आणखीच वाईट झालंय, आणि मी तिला चॅनलबद्दल व्याख्यान देत होतो.

रोज लॉग बघायचो. स्वच्छ. एक एरर नाही.

शेवटी नेटवाल्याला बोलावलं. पोरगा आला, फायबरची पॉवर मोजली, ठीक निघाली. माझ्या मोबाईलवर राऊटरचं पान बघून हसला. "सर, हे सॉफ्टवेअर तुमीच बदललंय ना? त्यानंच होतंय. चोवीसशेमधी नवा बसवून देतो, वॉरंटीसगट." खरं सांगायचं तर मलाही पटायला लागलं होतं. पण चोवीसशे रुपये म्हटल्यावर पटलेलं लगेच उतरलं. ठरवलं, मूळ फर्मवेअर परत टाकून बघू. माझ्या मॉडेलला ते टीएफटीपीनं (केबलवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) जातं: कॉम्प्युटरला १९२.१६८.०.६६ पत्ता द्यायचा, फाईलला ठरलेलं नाव द्यायचं, रिसेटचं बटण दाबून राऊटर चालू करायचा. म्हणजे पुन्हा ऑनलाइन सेंटर, पुन्हा चहा. रविवार ठरला.

शनिवारी रात्री पुन्हा तुटलं. मी आतून ओरडलो, "आण्णा, नारंगी आहे का?"

"नारंगी कवाच लागत न्हाई रे. सगळे दिवे एकदम इझत्यात, मग एक एक येतो. रोजच तसं हाय."

मी बाहेर येऊन उभाच राहिलो. नेट तुटत नव्हतं, राऊटर मरून परत उठत होता. स्टेटसचं पान उघडलं, अपटाइम (चालू होऊन किती वेळ झाला): तीन मिनिटं. हा आकडा तिथं पहिल्या पानावरच असतो. महिनाभर मी तो बघितला नव्हता. लॉग स्वच्छ का, तेही उलगडलं. लॉग रॅममध्ये राहतो, राऊटर बंद पडला की पुसला जातो. मी रोज नव्या कोऱ्या वहीत जुनी चूक शोधत होतो. शिवाय लॉगच्या पहिल्या काही ओळींवर जुनी तारीख दिसायची, तिला मी हसलो होतो. राऊटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, चालू झाला की नेट मिळून वेळ जुळेपर्यंत तो मागच्याच काळात असतो. ती तारीखच सांगत होती की हा आत्ता उठलाय.

लॉग लॅपटॉपकडं पाठवायची सोय केली (सिस्टिमच्या पानावर बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता टाकता येतो). दुसऱ्या संध्याकाळी शेवटची ओळ साधी, कुणाचा तरी मोबाईल जोडला गेल्याची, आणि पुढं काहीच नाही. मरताना हुं की चूं नाही. सॉफ्टवेअर बिघडलं तर बहुतेकदा काहीतरी बडबडतं, हा राऊटर मात्र दिवा फुंकल्यासारखा जात होता.

अ‍ॅडॅप्टर हाताला लावला, चटका बसला. गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिककडं नेला. त्यानं मीटर लावला, १२.२ व्होल्ट. "चांगलाय." मी म्हणालो, राऊटर जोडून बघा. जोडला, दोन मोबाईलवर व्हिडिओ लावले. काटा बारावरून अकरा, अकरावरून साडेनऊ, परत अकरा, असा नाचायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "आतले कंडेन्सर वाळले." कपाटामागं, भिंतीला चिकटून, वर स्लॅब, बाहेर पारा ४४ च्या पुढं. वाळणार नाहीत तर काय? भार नसताना पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि भार आला की बसतो. सात ते दहा घरात सगळे असतात, तेव्हाच तो बसायचा.

राऊटरच्या तळावर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय, तसाच नवा घेतला, १८० रुपये. पिनची जाडी आणि मधलं टोक प्लस आहे का, हे दुकानातच बघून घ्या. आता लाईट जाणं सोडलं तर एकदाही बंद पडलेला नाही. १८० चं बिल मेव्हण्याला पाठवलं, त्यानं अंगठा दाखवला. नेटवाल्या पोरालाही फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "बरं झालं सर. चोवीसशेवाला पण हाय आजून."

फर्मवेअरवर महिनाभर आळ घेतला तो मागे घेतो. एसक्यूएम परत टाकलंय. आता नवी आवृत्ती चढवताना पॅकेजांची यादी आधी वहीत लिहून घेतो.

तारे मात्र चारच. हिरवा दिवा रात्री फार डोळ्यांवर येतो, आण्णा हॉलमध्येच झोपतात. त्यांनी त्यावर औषधाच्या पट्टीचा तुकडा चिकटवला, त्यामागं नारंगीही झाकला गेला. म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यादीत) दोन ओळी घातल्या: रात्री साडेदहाला दिवे बंद, सकाळी साडेपाचला चालू. दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, मी चारला उठतो. आता चार केलंय.